डेडवुडचा खरा बुलक

आज ‘डेडवुड’ या अमेरिकन वेस्टर्न मालिकेचे सुरुवातीचे भाग पुन्हा बघून झाले. टिमथी ऑलिफंटचा शेरीफ सेथ बुलक आणि कीथ कॅरडाइनचा नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक यांची मैत्री फार सुंदर रंगवलीय. पण खरा बुलक डेडवुड गावात पोचला १ ऑगस्ट १८७६ ला. दुसऱ्याच दिवशी हिकॉक पत्ते खेळायला बसला, नेहमीसारखी भिंतीला पाठ नव्हती, दाराकडे होती. जॅक मॅकॉलने मागून डोक्यात गोळी घातली. मैत्रीला वेळच कुठे मिळाला!

खाणकामगारांच्या पंचांनी मॅकॉलला सोडून दिलं. पण गाव वसलं होतं सरकारशी झालेल्या कराराने लकोटा या मूळनिवासी जमातीच्या असलेल्या जमिनीवर, म्हणजे तो निवाडाच बेकायदा. डकोटा प्रांताची तेव्हाची राजधानी यँक्टनला पुन्हा खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला फाशी झाली.

आणि बुलकची बायको मार्था मालिकेत दाखवलीय तशी भावाची विधवा नव्हती, बालपणापासूनची मैत्रीण होती. हा बदल मला अजून खटकतो.