जुनं पोमलवाडी स्टेशन: नकाशा खरा निघाला, आम्हीच गाळात गेलो

आधी हे वाचा, हे स्टेशन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलंय, त्यामुळे उजनी वजामध्ये (म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली) गेल्याशिवाय तिकडे फिरकू नका. धरणाचा मृतसाठाच (वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी) ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, त्यामुळे पेपरात ‘उजनी शून्यावर’ आलं की आपल्याला वाटतं आटलं सगळं, पण निम्म्याहून जास्त पाणी तसंच असतंय. मागच्या खेपेला आम्ही तसंच गेलो आणि नुसतं पाणी बघून सोलापूरला परत, पेट्रोल गेलं वाया. यंदा मे संपता संपता गेलो.

नकाशा १९५०च्या दशकातला, अमेरिकन लष्कराचा, टेक्सास विद्यापीठाच्या साईटवर फुकट मिळतो. धरण १९८०चं, म्हणून त्यात भीमा अजून नदीच आहे आणि रेल्वे आजच्या लाईनवर नाही, जुन्या लाईनवर, डिकसळवरून पोमलवाडीकडे येणारी. १८५८ला पुण्याहून गाडी या डिकसळपर्यंतच आली होती, सोलापूरला पोचायला १८६० उजाडलं. पण स्केल १:२,५०,०००, अंगठा ठेवला की अख्खं गाव झाकतं, त्यामुळे गल्लीबोळ शोधायला हा नकाशा शून्य कामाचा. लाईन शोधायला मात्र एक नंबर.

आता गाळ. वरून भेगा पडलेला, कडक भाकरीसारखा वाळलेला दिसतो, आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. जुन्या लाईनचा भराव दगडमातीचा, त्यावरून आरामात चालता येत होतं, पण आमच्यातल्या एका शहाण्याला (मीच) वाटलं की वळण कापून सरळ गेलो तर वीस मिनिटं वाचतील. दीड तास गेला, एक बूट गेला, आणि मित्र पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही. म्हणून भराव सोडू नका, काठी न्या, फ्लोटर्स घालून तर अजिबात जाऊ नका.

होडीवाल्याने जाताना पंधराशे सांगितले आणि येताना मधेच इंजिन बंद करून अडीच हजार मागितले, वर लाईफ जॅकेट एकच. २०२४च्या मेमध्ये कुगाव-कळाशीच्या मधे वादळात होडी उलटून सहा जण गेले होते, तेव्हा दुपारनंतर वारं सुटलं की कितीही स्वस्तात नेत असला तरी बसू नका. पैसे चार लोकांसमोर ठरवा, अर्धे परतल्यावर.

फ्लेमिंगो दिसले, छान होते. जेऊरला जेवण बरं मिळालं.

आणि तिथलं शेजारचं गाव केत्तूर, ते दोन आहेत, नंबर १ आणि नंबर २, गूगल कुठल्याही एकात नेऊन सोडतं आणि दोन्ही धरणानंतरच्या पुनर्वसनातली. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ‘जुनं गावठाण कुठंय’ असंच विचारा. आम्ही हे परतताना विचारलं, तर आजोबांनी बसल्या जागेवरून ज्या दिशेला हात केला तो बरोब्बर नकाशातला ठिपका, आणि आम्ही सकाळभर त्याच्या अर्धा किलोमीटर अलीकडे बूट शोधत होतो.