बिशपच्या एका नावावरचं सगळं वेगळं करताना: बडोद्यात बसून केलेल्या कामाचा अनुभव

मी अलकापुरीतल्या एका ऑफिसात अमेरिकन सीपीए (तिकडचे सीए) फर्म्सचं अकाउंट्सचं काम करते, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. आत्तापर्यंत डेंटिस्ट, ट्रकवाले, पिझ्झावाले असल्यांचेच हिशोब यायचे, देवाच्या माणसांचा पहिल्यांदाच आला. काम काय तर तिकडच्या पश्चिमेकडच्या एका कॅथलिक डायोसिसमधल्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागातल्या, सगळ्या पॅरिश (एकेका चर्चभोवतीचा भक्तसमुदाय) कायद्याने वेगळ्या करायच्या, प्रत्येकीचं स्वतंत्र कॉर्पोरेशन, स्वतंत्र बँक खातं, स्वतंत्र पुस्तकं. वकील तिकडचे, सीपीए तिकडचे, आणि आकड्यांची मजुरी आमची. नाव अर्थातच सांगत नाही.

आधी मुळात होतं काय ते सांगते, मलाही समजायला वेळ लागला. त्या डायोसिसमधली चर्च, शाळा, कब्रस्तानं, पार्किंगचे प्लॉट, बँकेतले पैसे, सगळं एकाच नावावर. ते नाव म्हणजे बिशप, पण माणूस म्हणून नाही, पद म्हणून. याला कॉर्पोरेशन सोल म्हणतात, बिशप वारला किंवा बदलला तरी ते चालूच राहतं, नवीन बिशप आपोआप त्या जागी येतो, वारसदाराचा प्रश्नच नाही. बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस इथलीही पद्धत हीच. सोपं आहे ना, एक सही आणि काम खलास.

गंमत अशी की चर्चचा स्वतःचा कायदा अगदी उलट सांगतो. १९८३ चा जो कॅनन लॉ आहे त्यात ५१५ नंबरच्या कलमात स्पष्ट आहे की रीतसर स्थापन झालेली पॅरिश ही आपोआपच स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, आणि १२५६ म्हणतं की मालमत्ता ज्याने रीतसर मिळवली त्याची, म्हणजे पॅरिशच्या लोकांनी पै पै जमवून चर्च बांधलं तर ते पॅरिशचं, बिशपचं नाही, बिशपने फक्त देखरेख करायची. बरं हे आजचं पण नाही, रोमने १९११ मध्येच अमेरिकेतल्या बिशपांना कळवलं होतं की न्यूयॉर्कसारखी पॅरिश कॉर्पोरेशनची पद्धत सगळ्यात चांगली. न्यूयॉर्कमध्ये १८६३ च्या कायद्यापासून प्रत्येक पॅरिशचे पाच ट्रस्टी असतात, बिशप, त्यांचे व्हिकार जनरल (कारभारातले उजवे हात), तिथले फादर आणि दोन सामान्य माणसं. पण सांगितलं आणि लगेच झालं असं कुठे होतं, शंभर वर्षं लोटली तरी पुष्कळ ठिकाणी जुनंच चालू.

मग आत्ताच घाई का, तर कोर्ट. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेस आल्या आणि २००४ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या आर्चडायोसिसने (आर्चबिशपच्या डायोसिसने) दिवाळखोरीचा अर्ज केला, अमेरिकेतला पहिलाच, त्याच वर्षी टूसॉन आणि स्पोकेनच्या डायोसिसनीही. प्रश्न आला की भरपाई द्यायची तर पॅरिशची चर्च त्यात धरायची का. डायोसिस म्हणालं, आमच्या कॅनन लॉप्रमाणे ती पॅरिशची आहेत. २००५ मध्ये पोर्टलंड आणि स्पोकेन दोन्हीकडच्या बँकरप्सी कोर्टांनी साधारण एकच सांगितलं की तुमच्या आतल्या कायद्याचं तुम्ही बघा, आम्ही राज्याच्या कायद्याप्रमाणे मालक कोण तेवढं बघणार. स्पोकेनचा निकाल पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने फिरवला, पण भीती बसायची ती बसली.

हे वाचल्यावर आमच्या टीममधल्या एका मुलीने सरळच विचारलं, दीदी म्हणजे आपण पैसे लपवायला मदत करतोय का? मला प्रश्न आवडला. मी तिकडच्या सीपीए बाईंना कॉलवर तोच विचारला, जरा गोड भाषेत. त्या म्हणाल्या, लपवायचंच असतं तर ते पचतही नाही, दिवाळखोरीच्या आधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणं कोर्ट उलटवू शकतं, राज्यांच्या कायद्यांत मुदत त्याहून जास्त. मिलवॉकीचं उदाहरण त्यांनीच दिलं, तिथल्या आर्चडायोसिसने २००७ मध्ये ५ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास रक्कम कब्रस्तानांच्या ट्रस्टमध्ये हलवली, २०११ मध्ये दिवाळखोरीत गेले, आणि त्या पैशावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. माझं स्वतःचं मत सांगायचं तर पॅरिशचं पॅरिशला मिळावं हे बरोबरच आहे, पण ज्या वर्षी दारात वकील उभे त्याच वर्षी हे सुचलं तर पीडितांना संशय येणारच, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

असो, कामाकडे वळते. कॉर्पोरेशन रजिस्टर करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. आर्टिकल्स, म्हणजे स्थापनेचा कागद, एकच साचा, फक्त नावं बदलायची, बायलॉजमध्ये, म्हणजे कारभाराच्या नियमांत, जमीन विकणं, मोठं कर्ज घेणं यावर बिशपची मंजुरी राखून ठेवलेली. अडकलो ते ईआयएन नंबरात, म्हणजे आपल्या पॅनसारखा तिकडचा टॅक्स नंबर. नियम असा की एका जबाबदार व्यक्तीच्या नावावर एका दिवसात एकच नंबर मिळतो. सगळ्या पॅरिशना जबाबदार व्यक्ती म्हणून बिशपच घातले तर रोज एक एक करत बसा. मग ठरलं की प्रत्येक पॅरिशच्या फादरचंच नाव द्यायचं, आणि तसंही कॅनन लॉप्रमाणे पॅरिशच्या वतीने व्यवहार करणारे तेच. त्यातले एक फादर मूळचे केरळचे निघाले, काही वर्षं गुजरातेत काढलेली, आमची टीम बडोद्याची म्हटल्यावर कॉलवर एकदम "केम छो!" आणि पुढची दहा मिनिटं सेव उसळवर गेली, तिकडच्या वकिलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

जमिनीच्या डीड्सचं, म्हणजे मालकीच्या दस्तांचं, काम वकिलांचं, मी फक्त यादी जुळवायची. पण यादीतच इतक्या भानगडी! एका ठिकाणी चर्च, शाळा आणि कब्रस्तान एकाच प्लॉटवर, तिन्ही तीन वेगळ्या संस्थांना द्यायचं तर आधी प्लॉट तोडा. एका डीडमध्ये अट की इथे चर्च चालणं बंद झालं तर जमीन देणाऱ्याच्या वारसांकडे परत. चर्चच्या वकिलाचं म्हणणं असं की कॅनन लॉच्या नजरेने यात काही हस्तांतरणच होत नाहीये, जे ज्याचं होतं त्याचंच नाव आता सरकारी कागदावर येतंय.

खरं काम होतं पैशाचं, त्याबद्दल जरा विस्ताराने.

डायोसिसकडे डिपॉझिट अँड लोन फंड असतो. ज्या पॅरिशकडे शिल्लक आहे ती तिथे ठेवते, थोडं व्याज मिळतं, ज्या पॅरिशला छप्पर बदलायचंय ती तिथून कर्ज घेते. बँकेपेक्षा स्वस्त, सगळे खूश. पण आत्तापर्यंत हे सगळं कायद्याने एकाच व्यक्तीच्या पोटातलं होतं. ड्यू टू, ड्यू फ्रॉमच्या (कुणाला देणं, कुणाकडून येणं) एंट्र्या नुसत्या वहीतल्या, या खिशातून त्या खिशात. आता वाटणी झाली की तीच एंट्री दोन वेगळ्या व्यक्तींमधलं खरं कर्ज होते, म्हणजे कागद पाहिजे, व्याजाचा दर पाहिजे, हप्ते पाहिजेत, आणि न फेडल्यास काय ते पाहिजे. एकत्र कुटुंबात थोरल्याच्या पगारातून धाकट्याची फी भरलेली असते, कुणी विचारत नाही, आणि वाटणीच्या दिवशी मात्र सगळे वह्या काढून बसतात, तसं.

सीपीए बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला विल्मिंग्टनचा निकाल वाचायला लावला होता. डेलावेअरमधला तो डायोसिस २००९ मध्ये दिवाळखोरीत गेला. तिथल्या पॅरिश तर आधीपासूनच वेगळी कॉर्पोरेशन होत्या! पण त्यांचे गुंतवणुकीचे पैसे डायोसिसच्या एकाच खात्यात, डायोसिसच्या पैशात मिसळलेले. २०१० मध्ये जज म्हणाले, हे पैसे तुमच्यासाठी विश्वासाने ठेवलेत हे मान्य, पण यातले तुमचे नेमके कोणते ते दाखवा, आणि ते दाखवता आलं नाही. कागदावर वेगळं असून उपयोग शून्य, कारण खातं एक. म्हणून आम्हाला हुकूम असा की प्रत्येक पॅरिशचा प्रत्येक डॉलर मागे जाईल तितका मागे न्यायचा.

मागे म्हणजे किती, तर सॉफ्टवेअर येण्याच्या आधीपर्यंत. हिरव्या रेघांच्या लेजरची स्कॅन केलेली पानं, पेन्सिलीत लिहिलेली, मधेच कॉफीचा डाग. एका पॅरिशच्या पानावर "बेल टॉवर" नावाने एक रक्कम, कुणा विधवेने मृत्युपत्रात घंटेच्या मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली. खाली वर्षानुवर्षं व्याज चढत गेलेलं, अक्षर मधे दोनदा बदललेलं, आणि खर्च एकही नाही. चौकशी केली तर तो मनोराच पाडला होता, धोकादायक झाला म्हणून! आता या पैशाचं काय? देणगीदाराची इच्छा पाळायची हे कॅनन लॉही सांगतो आणि राज्याचा कायदाही, त्यामुळे डायोसिसच्या जनरल फंडात ढकलता येत नाही. शेवटी त्याच पॅरिशच्या पुस्तकात, वेगळ्या ओळीवर, रिस्ट्रिक्टेड, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच राखलेला, म्हणून गेला, आणि वापर कशासाठी करायचा ते वकिलांवर सोडलं. अशा एंट्र्या ढिगाने निघाल्या, मेणबत्त्यांचा फंड, सेमिनरीतल्या (फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या शाळेतल्या) मुलाच्या शिक्षणाचा फंड, नुसतंच "फादरची गाडी".

काही पॅरिश पहिल्याच दिवशी देणं जास्त आणि येणं कमी अशा अवस्थेत जन्माला येणार होत्या, गरीब वस्तीतल्या, बहुतेक मेक्सिकन मजुरांच्या. त्यांची शाळेची कर्जं डायोसिसने स्वतःच्या मोकळ्या पैशातून भरून काढली, दुसऱ्या पॅरिशच्या ठेवीला हात न लावता. मला ते बरं वाटलं. तो डिपॉझिट अँड लोन फंडही डायोसिसच्या बाहेर काढून वेगळा ट्रस्ट केला, स्वतःचं बँक खातं, दर महिन्याला प्रत्येक पॅरिशला स्टेटमेंट.

पगाराचं थोडक्यात सांगते. डायोसिसचं वर्ष जुलै ते जून, पण पगाराचे टॅक्स फॉर्म कॅलेंडर वर्षाचे. १ जुलैला मालक बदलला तर प्रत्येक कर्मचाऱ्याला एकाच वर्षाचे दोन डब्ल्यू-टू (आपल्या फॉर्म १६ सारखा पगाराचा दाखला) मिळणार आणि मार्चमध्ये सगळे फोन करणार. म्हणून पुस्तकं जुलैपासून वेगळी आणि पगार जानेवारीपासून. फादर लोकांचं अजून निराळं, इन्कम टॅक्ससाठी ते नोकर, सोशल सिक्युरिटीच्या (तिकडची सरकारी पेन्शन) कपातीसाठी स्वयंरोजगारवाले, त्यामुळे त्यांच्या पगारातून ती कपात करायचीच नाही.

घरी माझे सासरे, अप्पा, दांडिया बाजारातल्या एका जुन्या मंडळाच्या ट्रस्टवर आहेत. हॉल, वाचनालय आणि बालवाडी एकाच ट्रस्टमध्ये, आणि बालवाडी वेगळी करावी अशी चर्चा त्यांच्याकडेही चालू. रात्री जेवताना मला विचारायचे, "अगं, मग तिकडे चॅरिटी कमिशनरची परवानगी नाही लागत?" म्हटलं, अप्पा, तशी नाही लागत, पण ठराविक रकमेपुढची मालमत्ता विकायची तर बिशपला आपल्या सल्लागार मंडळांची संमती लागते आणि त्याच्याही पुढे रोमची. ते म्हणाले, म्हणजे तेच की! आपल्याकडे पब्लिक ट्रस्ट ॲक्टचं ३६ कलम, जागा विकायची, बक्षीस द्यायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तर आधी मंजुरी, ट्रस्टी बदलला तरी फेरफार रिपोर्ट. पण एका गोष्टीचा त्यांना खराच हेवा वाटला. अमेरिकेत १९४६ पासून कॅथलिक संस्थांना एकत्रित टॅक्स माफी आहे, नवीन पॅरिश कॉर्पोरेशनचं नाव अधिकृत कॅथलिक डिरेक्टरीत आलं की झालं, वेगळा अर्ज नाही. आपल्याकडे बालवाडीचा ट्रस्ट वेगळा केला की नवीन पॅन, टॅक्स माफीची नवीन नोंदणी, देणगीदाराच्या सवलतीची नवीन मंजुरी, आणि तोवर देणगीदाराला पावती कसली द्यायची हा प्रश्न. अप्पांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये सध्या एवढंच मंजूर करून घेतलंय की बालवाडीची फी वेगळ्या बँक खात्यात जमा व्हायची.

कटओव्हर, म्हणजे जुन्या पद्धतीवरून नवीवर जाणं, झाल्यावरही सवयी सुटत नाहीत. लोक अजून डायोसिसच्या नावाने चेक टाकतात, एका पॅरिशच्या सेक्रेटरीने नवीन फर्निचरचं बिल जुन्या सवयीने डायोसिसकडे पाठवलं आणि तिकडच्या माणसाने ते भरूनही टाकलं. आम्ही दर महिन्याला असले व्यवहार शोधून संबंधित पॅरिशला बिल लावतो, रक्कम कितीही लहान असो. वार्षिक सभा, मिनिट्स, दोन सामान्य ट्रस्टींच्या सह्या हेही खरोखर व्हायला पाहिजे. सेंट पॉल आणि मिनियापोलिसच्या केसमध्ये पीडितांच्या बाजूने डायोसिस आणि सगळ्या पॅरिश मिळून एकच धरा अशी मागणी होती, ती २०१८ मध्ये अपील कोर्टाने फेटाळली, तिथल्या पॅरिश फार आधीपासून वेगळ्या कॉर्पोरेशन होत्या. आमच्यावाल्यांना ती सवय लागायला बराच काळ जाईल असं मला वाटतं.

सध्या घोडं अडलंय ते एका शाळेवर. तीन पॅरिशनी मिळून चालवलेली, इमारत एकीच्या जमिनीवर, तोटा तिघी भरतात, आणि मुलं सगळ्यात जास्त चौथ्याच पॅरिशची. वेगळं कॉर्पोरेशन करायचं तर जमीनवाली पॅरिश भाडं मागते, तिच्यातच ठेवायची तर बाकीच्या दोघी म्हणतात मग तोटा पण तुम्हीच भरा. चौथीला अजून कुणी विचारलेलंच नाही. पुढचा कॉल सोमवारी रात्री साडेनऊला, तिकडच्या सकाळी नऊला, आणि मला तोवर गेल्या दहा वर्षांत कुणी किती तोटा भरला त्याचा तक्ता करून ठेवायचाय.