मावशीचं भजनी मंडळ

मावशीचे यजमान वारले तेव्हा म्हापशात आम्हा सगळ्यांना एकच घोर होता: वास्कोच्या फ्लॅटमध्ये मावशी एकटी दिवस कसे काढणार? शेजारणीने तिला धरून भजनी मंडळात नेलं. तिचा गळा बेताचाच, पण टाळ पक्का. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळात श्रीफळ ठेवलं की चोवीस तास भजन खंडत नाही (नाव मात्र सप्ताह!). साथीच्या रोगातून गाव वाचावं म्हणून हे सुरू झालं, असं सांगतात. हल्ली त्या दिवशी मावशीला फोन करण्यात अर्थ नसतो.

चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी 2010 साली अमेरिकेतल्या पाहणीवरून लिहिलं होतं, की प्रार्थनेला नेमाने जाणारे अधिक समाधानी असतात, पण तिथे त्यांचे मित्र असले तरच. नुसतं जाऊन एकट्याने परतणाऱ्याला तो लाभ फारसा दिसत नाही. मला हे लगेच पटलं. मावशीच्या पलीकडच्या कॅथलिक बायका खुरसापुढे (क्रुसापुढे) लदीनला, म्हणजे सामुदायिक प्रार्थना-गायनाला, जमतात, मग उकडलेले चणे खात तासभर बोलत बसतात. माझ्या मते खरं काम त्या तासाचं.

दुसरा एक अभ्यास 2011 चा, एड डीनर आणि सहकाऱ्यांचा. जगणं जिथे खडतर, तिथे धार्मिक माणसं जास्त सुखी. सुबत्तेच्या, सुरक्षित देशांत हा फरक जवळजवळ पुसला जातो. फिनलंड 2018 पासून सुखी देशांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिला, आणि तिथली चर्चं रविवारी बरीचशी रिकामी. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "थंय म्हाताऱ्यांक दवाखान्यांत कोण व्हरता (नेतं)?" सरकार बघतं, म्हटलं. "आमकां मंडळ व्हरता."

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण मन पूर्ण निवलंही नाही. कारण हीच मावशी सासरच्या गावच्या देवळात कुणी नाही. पोर्तुगीज अमलातल्या 1933 च्या देवस्थान कायद्याची चौकट अजून चालते; महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार सभासद, ठरतात घराण्यावरून, आणि आमच्याकडे ते पुरुषच. चर्चमधल्या कोंफ्रारियांतही (भाविकांच्या मंडळांतही) जात होतीच. जवळ घेणारी माणसंच दारही लावतात. मावशीला याचा राग येतो का, ते ती सांगत नाही. जत्रेला जाते, ओटी भरते, मुक्कामाला मात्र थांबत नाही. गुरुवारी वास्कोत भजन असतं.