मुदत मिळाली होती, माफी नव्हे

कोरोनाच्या दोन वर्षांत सरकार, रिझर्व्ह बँक आणि सर्वोच्च न्यायालय यांनी जे आदेश काढले, त्यातल्या बहुतेकांनी तारखा पुढे ढकलल्या. देणं पुसलं फार थोड्यांनी. सांगलीतला हळदीचा अडत्या असो, कुपवाडचा कारखानदार असो की गावातली शिक्षण संस्था, गल्लत इथेच होते.

सगळ्यात जास्त घोळ मंगल कार्यालयांच्या ॲडव्हान्सचा. आपल्याकडची बरीच कार्यालयं ज्ञातीसंस्थांची किंवा ट्रस्टची, त्यामुळे व्यापाराचा कायदा आणि धर्मादायचा कायदा एकाच पावतीवर येऊन बसतात. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं: ‘कार्यक्रम रद्द केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.’ हे वाक्य यजमानाने आपणहून कार्यक्रम रद्द केला तर लागू पडतं. २५ मार्च २०२० नंतरच्या कडक टाळेबंदीत हॉल उघडणंच बेकायदेशीर होतं. करार झाल्यावर ते काम करणं अशक्य किंवा बेकायदेशीर ठरलं, तर करार कायदा १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे करार निरर्थक होतो, आणि कलम ६५ सांगतं की अशा करारापोटी हाती आलेला फायदा परत करायचा. एप्रिल-मे २०२० च्या तिथींचे पैसे नुसतं छापील वाक्य दाखवून अडवून ठेवणं मला कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही. पोराच्या लग्नासाठी काढलेली ती रक्कम असते.

२०२१ ची गोष्ट मात्र वेगळी. २२ एप्रिलपासून राज्यात लग्नाला परवानगी होती, पण २५ माणसं आणि दोन तास, मोडल्यास ५० हजार दंड. म्हणजे लग्न अशक्य नव्हतं, पाचशे पानांचं लग्न अशक्य होतं. इथे कलम ५६ चा आधार कच्चा पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजीच पोलाद आयातदारांच्या प्रकरणात सांगितलं होतं की टाळेबंदी थोड्या काळाची आहे, तेवढ्यावर करारातून सुटता येणार नाही. अशा ठिकाणी पुढची तारीख द्यावी किंवा भाडं कमी करून लेखी तडजोड करावी. तोंडी ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणून सोडलं की दोन्ही पक्ष अडकतात.

पैसे परत करताना जीएसटी भरला असेल तर कागद नीट करा. ॲडव्हान्स घेताना फक्त रिसीट व्हाउचर दिलं असेल तर रिफंड व्हाउचर काढायचं, बिलच फाडलं असेल तर क्रेडिट नोट. रक्कम ज्याच्या नावाची पावती, त्याच्याच खात्यावर. ट्रस्टचं कार्यालय असेल तर आधी विश्वस्तांचा ठराव.

दुकानगाळ्याच्या भाड्याला कलम ५६ उपयोगी पडत नाही. भाडेपट्टा हा नुसता करार नाही, त्याने मालमत्तेतला हक्क दिलेला असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८(ई) प्रमाणे भाडेपट्ट्यातून सुटायचं तर जागा मोठ्या प्रमाणावर आणि कायमची निरुपयोगी व्हावी लागते. काही महिने शटर खाली राहिलं म्हणजे तसं होत नाही. भाडेकरारातच आपत्तीचं कलम असेल तर ते आधी वाचा.

कर्जाच्या हप्त्यांना १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० सवलत होती, व्याज चालूच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२१ च्या निकालाने या काळातल्या व्याजावरचं व्याज गेलं, मूळ व्याज गेलं नाही. पगाराचंही तसंच. पूर्ण पगार द्या असा २९ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश १८ मेपासून उठला, आणि मधल्या दिवसांसाठी मालक-कामगारांनी बोलणी करून तडजोड करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ जूनला सांगितलं. ज्यांनी ती तडजोड सह्यांनिशी लिहून ठेवली, त्यांच्या हातात काहीतरी आहे.

उधारीच्या वसुलीत मुदतवाढीचा खरा फायदा झाला, पण हिशोब चुकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दाव्याच्या मुदतीत धरायचा नाही. समजा १ जानेवारी २०१९ ला देय झालेलं हळदीचं बिल आहे. दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीपैकी १४ मार्च २०२० पर्यंत सुमारे १ वर्ष ७३ दिवस संपले. उरलेले दिवस १ मार्च २०२२ पासून पुढे मोजले की डिसेंबर २०२३ चा मध्य येतो. ‘अजून दोन वर्षं आहेत’ असं वरवर धरून बसलेल्याचा दावा तिथेच जातो.

आता संस्थांकडे. शिक्षण संस्थेने अन्नछत्र चालवलं, वाचनालयाने ऑक्सिजन यंत्रं दिली, काम मोलाचंच होतं. पण पहिला प्रश्न असतो: संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत हे बसतं का? ‘इतर समाजोपयोगी कार्य’ असं कलम असेल तर ठरावावर भागतं. नसेल, आणि संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर उद्देश बदलायला दोन विशेष सभा लागतात: पहिलीत सभासदांची तीन-पंचमांश मतं, मग एक महिन्याच्या अंतराने दुसरीत उपस्थितांपैकी तीन-पंचमांशांची मंजुरी. जमावबंदीत हे जमणार नाही, म्हणून हे काम साथ नसताना उरकून घ्यायचं. ऑक्सिजन प्लँटसाठी कर्ज काढायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ ए प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाने वर्गणी गोळा करायची तर त्याच कायद्याचं कलम ४१ सी पाळायचं.

पावतीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व. ‘कोविड मदत निधी’ म्हणून पावत्या फाडल्या आणि जुलै २०२१ ला कृष्णेला पूर आला, तर त्या निधीतून पूरग्रस्तांना किट वाटणं म्हणजे देणगीदाराने सांगितलेल्या कामाबाहेरचा खर्च. हेतू कितीही चांगला असला तरी ऑडिटर शेरा मारणारच. ‘आपत्ती मदत निधी (साथ, पूर, दुष्काळ)’ एवढं छापलं असतं तर प्रश्नच नव्हता. शिल्लक राहिलेल्या रकमेसाठी देणगीदारांची लेखी संमती घ्या. ती बांधकामाकडे वळवू नका. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती देताना दोन गोष्टी सांभाळा: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला देणगीदाराला वजावट मिळत नाही. तांदळाच्या पोत्याला वस्तू मिळाल्याची पोच द्या, ८०जी ची नको.

साथीत विश्वस्त गेले, निवडणुका लांबल्या. विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणाऱ्या बदल अर्जाची मुदत ९० दिवस. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडून दाखल करा. नुसतं ‘कोरोना होता’ असं लिहू नका. सभेची नोटीस कधी काढली, कोणत्या आदेशामुळे सभा झाली नाही, हे तारखेनिशी लिहा.

आणि ती ऑक्सिजन यंत्रं. डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) प्रत्येकाचा सिरियल नंबर, देणगीदार, कोणाला दिलं, अनामत किती, परत कधी आलं, अशी नोंद हवी. आज बंद पडून कपाटामागे असतील तर भंगारात घालण्याआधी ठराव करा, दोन-तीन ठिकाणचे भाव घ्या, आलेली रक्कम बँकेत भरा आणि मगच रजिस्टरमधून कमी करा. अनामत परत न्यायला न आलेल्यांची यादी वेगळी ठेवा. ते पैसे संस्थेचे नाहीत.