फुगडीतली अडखळ आणि २५ फ्रेमची टाइमलाइन

व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर मागच्या आठवड्यात अपग्रेड केले आणि बहिणीच्या मंगळागौरीचे चित्रीकरण संकलनाला घेतले, तेव्हा फुगडीच्या दृश्यात काहीतरी खटकू लागले. गिरकी सलग न दिसता बहिणीचा पदर मध्येच क्षणभर थबकून पुढे सरकत होता. आधी मला कॅमेऱ्याचाच दोष वाटला. दोन संध्याकाळी शोधाशोध केल्यावर लक्षात आले, की नव्या आवृत्तीने माझी जुनी सेटिंग्ज पुसून टाइमलाइनचा, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा, डिफॉल्ट फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची म्हणजे फ्रेमची संख्या) २९.९७ केला होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी मी नेहमी सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रण करते. ते या टाइमलाइनवर टाकले की साधारण दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवली जाते, आणि फुगडीच्या वेगात ती लगेच डोळ्यांना खुपते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाकल्यानंतर टाइमलाइनचा रेट बदलता येत नाही, म्हणून २५ ची नवी टाइमलाइन करून प्रत्येक कट पुन्हा तपासावा लागला. विचारपूर्वक ठरवलेली सेटिंग्ज अपग्रेडने न विचारता बदलू नयेत, असे मला मनापासून वाटते. आता ती मी प्रीसेट म्हणून वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवली आहेत.