क्रमांकाच्या आधीचे दोन टप्पे

कोल्हापुरातील छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे तयार करणे आणि सांभाळणे हे माझे काम आहे. नवीन ग्राहकाशी बोलणे सुरू झाले की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "गूगलवर आमचे नाव पहिल्या पानावर कधी येणार?" प्रश्न रास्त आहे. चप्पल लाइनमधला विक्रेता असो की मार्केट यार्डातला गूळ व्यापारी, आज परगावचे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीपर्यंत येण्याआधी मोबाईलवर शोध घेते. तरीही माझे ठाम मत असे आहे की क्रमांकाचा प्रश्न तिसरा आहे. सर्च इंजिनाचा प्रोग्राम त्या पानापर्यंत पोहोचला का, हा पहिला प्रश्न. आणि पोहोचल्यावर त्याला तिथे वाचण्याजोगे काही मिळाले का व ते त्याने आपल्या साठ्यात ठेवले का, हा दुसरा. माझ्या पाहण्यातल्या मराठी पानांचे नुकसान बहुतेक वेळा या दोन टप्प्यांवरच झालेले असते, आणि पैसे मात्र तिसऱ्या टप्प्यावर खर्च होत राहतात.

मुळात एक समज दूर करायला हवा. आपण शोधपट्टीत शब्द लिहितो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नसते. ते आपल्याच साठ्यात, म्हणजे इंडेक्समध्ये, पाहत असते. गूगलने स्वतः दिलेल्या माहितीनुसार या साठ्यात शेकडो अब्ज पाने असून त्याचा आकार दहा कोटी गिगाबाइटपेक्षा अधिक आहे. तुमचे पान जगात आहे पण त्या साठ्यात नाही, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते नाहीच.

साठा भरण्याचे काम क्रॉलर करतो. गूगलच्या क्रॉलरला गूगलबॉट म्हणतात. त्याच्याकडे आधीच माहीत असलेल्या पत्त्यांची यादी असते. त्यांतील एकेक पान तो मागवतो, त्यातील सगळ्या लिंक काढून घेतो आणि नवे पत्ते यादीत टाकतो. अशा तऱ्हेने एका पानावरून दुसऱ्या पानावर जात त्याचा प्रवास अखंड चालू राहतो. याचा सरळ अर्थ असा की ज्या पानाकडे कुठूनही लिंक जात नाही आणि ज्याचा पत्ता साइटमॅपमध्येही, म्हणजे क्रॉलरसाठी केलेल्या पानांच्या यादीतही, दिलेला नाही, ते पान क्रॉलरला सापडण्याचे काही कारणच उरत नाही. मालकाला ते दिसते, कारण त्याने पत्ता जपून ठेवलेला असतो. त्याने तो व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवलेला असतो, म्हणून नातेवाइकांनाही दिसते. पण खासगी गटातला तो निरोप क्रॉलर वाचत नाही.

क्रॉलरने कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हे सांगण्याची सोय 1994 पासून आहे. मार्टिन कोस्टर यांनी त्या वर्षी सुचवलेला हा संकेत रोबॉट्स टीएक्सटी नावाच्या एका साध्या मजकूर फाइलवर चालतो, आणि 2022 मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत स्थान मिळाले. संकेतस्थळ तयार होत असताना ते अर्धवट अवस्थेत लोकांना दिसू नये म्हणून तयार करणारे या फाइलमध्ये सर्व दारे बंद असल्याची ओळ लिहितात, आणि काम संपल्यावर ती ओळ काढायची राहून जाते. मग मालक महिनोन्महिने वाट पाहत बसतो. याच संदर्भात एक बारकावा आहे, जो जाणकारांकडूनही निसटतो. रोबॉट्स टीएक्सटी पान वाचायला मनाई करते, साठ्यात ठेवायला नाही. साठ्यात ठेवू नये यासाठी पानातच नोइंडेक्स ही सूचना लिहावी लागते. पण पान वाचायलाच बंदी असेल, तर ती सूचना क्रॉलरला दिसणार कशी? म्हणून दोन्ही एकदम लावणाऱ्याचा पत्ता कधी कधी मजकुराशिवाय निकालात दिसत राहतो.

गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतील संगणकांच्या इंटरनेट पत्त्यांवरून (आयपी) येतो. सुरक्षेसाठी परदेशातून येणारी सर्व रहदारी अडवणारा सर्व्हर त्यालाही अडवतो. स्थानिक संस्थेचे संकेतस्थळ इथल्या प्रत्येक मोबाईलवर व्यवस्थित उघडते आणि गूगलवर मात्र नाव घ्यायला सापडत नाही, असे दिसले की मी सर्वप्रथम हे तपासतो.

आता इंडेक्सकडे येतो, कारण मराठीचा खरा प्रश्न इथे आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तिच्यात शब्दापुढे पृष्ठक्रमांक दिलेले असतात. इंडेक्सची रचना मुळात तशीच आहे. पान वाचून त्यातले शब्द वेगळे केले जातात आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोणकोणत्या पानांत, कोणत्या ठिकाणी आला याची नोंद होते. कोणी "कोल्हापूर गूळ भाव" असे शोधले की तिन्ही शब्दांच्या याद्या काढून त्यांत सामाईक असलेली पाने पाहायची, एवढे ते काम सोपे वाटते. इंग्रजीत ते बऱ्याच अंशी सोपे आहेही. मराठीत शब्द जागेवर राहत नाही. "गूळ" या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की "गुळाचा", "गुळाला", "गुळात" अशी रूपे होतात, आणि मूळचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. "कोल्हापूर" मध्ये पू दीर्घ आहे, "कोल्हापुरात" मध्ये पु ऱ्हस्व. शेवटची अक्षरे कापून मूळ शब्द मिळवण्याची साधी युक्ती इथे कामाची नाही, कारण "गुळाचा" मधून "ाचा" काढल्यावर "गुळ" उरते, "गूळ" नव्हे. मराठीचे सामान्यरूप ज्या प्रोग्रामला कळत नाही, त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. मोठी सर्च इंजिने आता असे भेद बऱ्याच प्रमाणात जुळवून घेतात. पण संकेतस्थळाच्या आतली स्वतःची शोधपट्टी, ग्रंथालयाची किंवा दुकानाच्या मालाची यादी यांत हा दोष आजही ठळकपणे दिसतो.

याहून सूक्ष्म गोष्ट "गुऱ्हाळ" या शब्दात आहे. आपल्या जिल्ह्यात ऊस गाळपाच्या दिवसांत हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो, आणि संगणकात तो दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात "ऱ" हे युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देणाऱ्या जागतिक पद्धतीतील, स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात नेहमीचा "र", मग हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. डोळ्यांना फरक कळूच शकत नाही. अक्षरांचे अंक पाहिले तर मात्र दोन्ही शब्द भिन्न आहेत, आणि युनिकोडने मजकूर एकसारखा करण्यासाठी दिलेले प्रमाण नियमही या दोघांना एक करत नाहीत. "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "शेतकऱ्यांना" या सगळ्या शब्दांची हीच स्थिती आहे. शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पानावर "शेतकऱ्यांना" हा शब्दच जुळू नये, ही माझ्या मते मराठी तंत्रज्ञांनी अग्रक्रमाने सोडवण्याची गोष्ट आहे. संकेतस्थळाची शोधसोय बनवणाऱ्याने मजकूर साठ्यात घेताना आणि शोधशब्द स्वीकारताना दोन्ही ठिकाणी हे दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्यावे. चार ओळींचे काम आहे.

जुन्या फॉन्टचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे असे फॉन्ट वापरत, ज्यांत आतमध्ये रोमन अक्षरे साठवलेली असत आणि त्यांच्यावर फक्त देवनागरी आकृत्या चढवलेल्या असत. तो फॉन्ट असलेल्या माणसाला मराठी दिसायचे, क्रॉलरला मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग मिळायची. त्या काळात मेहनतीने लिहिलेला कितीतरी मजकूर यामुळे शोधापासून कायमचा दूर राहिला. छपाईसाठी असे फॉन्ट अजूनही वापरात आहेत, आणि पत्रकासाठी जुळवलेला मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला जातो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, तपासून मगच टाकावा, असा आग्रह मी प्रत्येक ग्राहकाकडे धरतो. मजकुराऐवजी त्याचे चित्रच टाकण्याची पद्धत तर सर्रास आहे. चपलांची माहिती, किंमत, चामड्याचा प्रकार, पत्ता असे सगळे एका सुंदर रंगीत चित्रात बसवलेले असते आणि पानावर शब्द म्हणून जवळजवळ काहीच नसते. चित्रातली अक्षरे ओळखण्याचे तंत्र आज आहे, पण त्याच्या भरवशावर दुकानाचे नाव ठेवू नये.

एवढे झाल्यावर क्रमांकाचा विषय येतो. त्याचा पाया दोन कल्पनांवर आहे. पहिली शब्दांच्या वजनाची. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये असे मांडले की जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो, तो शोधाच्या दृष्टीने अधिक मोलाचा मानावा. "आणि" प्रत्येक पानावर असतो, म्हणून तो काहीच सांगत नाही. "गुऱ्हाळ" थोड्या पानांवर असतो, म्हणून बरेच काही सांगतो. दुसरी कल्पना लिंकची. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी विकसित केलेल्या आणि 1998 मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या पेजरँक या पद्धतीमध्ये पानाचे महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवरून ठरते. मात्र लिंकची नुसती संख्या मोजली जात नाही. महत्त्वाच्या पानाची लिंक अधिक वजनाची असते, आणि ज्या पानावरून शंभर लिंक बाहेर जातात त्याचे वजन त्या शंभरांत वाटले जाते. पानांवरून लिंकमागून लिंक धरत फिरणारा एक काल्पनिक वाचक त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला. तो बहुधा 85 टक्के वेळा समोरची एखादी लिंक धरतो आणि उरलेल्या वेळी कंटाळून कुठल्याही पानावर उडी मारतो. असा वाचक ज्या पानावर अधिक वेळा सापडेल ते पान अधिक महत्त्वाचे.

ही कल्पना मला आजही अतिशय सुंदर वाटते, कारण पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर त्याच्याविषयी काय म्हणतात याला तिने किंमत दिली. अर्थात लिंक विकत घेण्याचा धंदाही तिच्यातूनच उभा राहिला, आणि एप्रिल 2012 मध्ये गूगलला पेंग्विन नावाचा बदल आणून अशा बनावट लिंकचा फायदा मोडावा लागला. आज क्रम ठरवताना लिंकखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. शोधणारा कुठे आहे, पान मोबाईलवर कसे चालते, प्रश्नाचा नेमका अर्थ काय. वाक्याचा अर्थ संदर्भाने समजून घेणारे बर्ट हे मॉडेल 2019 पासून गूगलच्या शोधात आहे. जाहिरातीचे पैसे भरल्याने नैसर्गिक निकालात वरचा क्रमांक मिळत नाही, हे गूगलने स्पष्टपणे जाहीर केलेले आहे. म्हणून पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला एकच विचारावे : माझी कोणती पाने आज साठ्यात आहेत, ते दाखवा. गूगल सर्च कन्सोल या मोफत सोयीत ते मालकाला स्वतःलाही पाहता येते.

ताजेपणाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण कोल्हापुरात तो केवळ व्यापाराचा राहत नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की सारा जिल्हा पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी शोधू लागतो. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथे पोराटोरांना पाठ आहेत. अशा वेळी नुसत्या लिंकच्या वजनावर निकाल लावले, तर 2019 आणि 2021 च्या महापुरांची जुनी पाने वर येतील, कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या लिंक आहेत. काही प्रश्नांना ताजेच उत्तर हवे असते हे ओळखण्याची व्यवस्था गूगलने केल्याचे 2007 मध्येच पुढे आले होते. एखाद्या विषयावर अचानक शोध आणि बातम्या वाढल्या की नव्या पानांना झुकते माप मिळते. पण त्यासाठीही नवे पान आधी साठ्यात पोहोचलेले असावे लागते. एखादे पान वारंवार आणि खऱ्या अर्थाने बदलते असे क्रॉलरला आढळले की तो तिथे अधिक वेळा येतो. वर्षभर स्तब्ध असलेल्या पानावर तो सावकाश फिरकतो.

पंचगंगेकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या माणसाला रात्री जनावरे हलवायची की नाही हे ठरवायचे असते. त्याच्या हाती पातळीच्या तक्त्याचे छायाचित्र येते, ज्यावर तारीख अस्पष्ट असते आणि जे शोधात सापडत नाही म्हणून कोणीतरी पुढे ढकललेले असते. गावातल्या तरुण मंडळांना आणि ग्रामपंचायतींना, ज्यांची स्वतःची पाने आहेत, माझी कळकळीची विनंती आहे की पातळी, तारीख आणि वेळ शब्दांत व अंकांत लिहा. शीर्षकात बंधाऱ्याचे नाव घ्या. रोज नवा पत्ता न काढता एकाच कायमच्या पत्त्यावर मजकूर बदलत राहा, म्हणजे लिंकही तिथेच साठतील. आणि त्या पानाकडे जाणारी लिंक मुखपृष्ठावर पहिला पाऊस पडण्याआधी, जूनमध्येच द्या, म्हणजे पाणी चढू लागेल तेव्हा क्रॉलरला ती वाट ठाऊक असेल.