तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यासारखं वाटायचं का?

उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी गाठतंच. "लेहला मिशनच्या टीममध्ये सगळे विश्वासीच ना? मग अगदी घरच्यासारखं वाटत असेल!" परत येऊन सात वर्षं झाली, तरी मी "हो, देवाची कृपा" म्हणते आणि रिक्षा शोधायला लागते. आता एकदा सांगूनच टाकते.

घरच्यासारखं म्हणजे कुणाच्या घरच्यासारखं? आम्ही सहा जण. दोघं मिझो, एक मल्याळी ब्रदर, झारखंडचं एक मुंडा जोडपं आणि नगरची मी. बोलायला सहा तऱ्हांची मोडकी हिंदी. प्रार्थनेत मात्र जो तो आपल्या भाषेत शिरायचा, आमेन तेवढं एकत्र. मिझो सिस्टरच्या बेकांगचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, वास मला सोसायचा नाही. माझ्या सुक्या बोंबलांबद्दल ती काय म्हणायची, ते मला कुणी सांगितलं नाही. लेहचं मोरेव्हियन मिशन 1885 चं, तर आमचं नगरचं 1831 चं, हे मी उगाचच सगळ्यांना ऐकवत असे.

पण खरी गोष्ट तांदळाची आहे.

मिझो मंडळ्यांत 1910 पासून एक रीत आहे, बुहफाई थम. भात टाकताना एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढायचे. मंडळी ते गोळा करून विकते आणि त्या पैशातून लांबलांब सेवक पाठवते. आमची सिस्टर अशाच कुणाकुणाच्या मुठींवर तिथं आली होती, आणि तिचाही डबा चालू होता. स्वयंपाकाची पाळी कुणाचीही असो, ती येऊन मूठ काढायची. डब्यात तांदूळ पडल्याचा आवाज व्हायचा. मला वाटायचं, हे मला ऐकवायला चाललंय.

जानेवारीत नळ गोठले होते. सपोर्टचे पैसे आले नव्हते, दुकानदाराची उधारी वाढली होती. त्या दिवशी पाळी माझी, आणि पोत्यात हात घातला तर तळ लागला. मी तिचा डबा उघडला, कुकरमध्ये ओतला (तिथल्या उंचीवर कुकरशिवाय भात नीट शिजत नाही) आणि शिट्ट्या करून मोकळी झाले.

सहा माणसं उपाशी होती. मी हे आजही म्हणेन. पण ती पलीकडच्याच खोलीत होती, दहा पावलांवर. विचारलं असतं तर "ले लीजिए" म्हणाली असती. मला तिचं ते "ले लीजिए" नको होतं.

जेवायला बसल्यावर तिला कळलं. तिनं प्रार्थना केली, डाळ वाढून घेतली, भाताला हात लावला नाही. कुणी काही बोलेना. शेवटी मीच म्हणाले, "दावीदानंसुद्धा भुकेच्या वेळी समर्पित भाकरी खाल्ल्या. हे खुद्द प्रभूनं सांगितलंय."

ती खाली बघूनच म्हणाली, "दाविद ने माँगा था, दीदी."

रात्री मी पहिलं शमुवेल उघडून पाहिलं. एकविसावा अध्याय. त्यानं याजकाकडे मागितल्या होत्या.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मला रविवारच्या शाळेपासून पाठ. तरी मी भाकर घेतली, प्याला घेतला. आणि त्याच आठवड्यात नगरला प्रार्थनापत्र लिहिलं: "टीममध्ये फार गोड सहभागिता आहे, प्रभूची स्तुती असो." ते पत्र इथं भर उपासनेत वाचलं गेलं. तुम्ही आज जे विचारता ते त्या पत्रातूनच आलंय, तेव्हा तुमच्यावर चिडायचा मला तसा हक्क नाही. पण पत्र लिहिणारी ती बाई, म्हणजे मीच, खोटं लिहीत होती असंही म्हणवत नाही. फेब्रुवारीत मला न्यूमोनिया झाला तेव्हा चार रात्री बुखारी, म्हणजे खोली ऊबदार ठेवणारी शेगडी, विझू न देता बसली होती ती हीच सिस्टर.

पैसे आल्यावर मी तिचा डबा काठोकाठ भरून ठेवला. तिनं तो परत पोत्यात ओतला आणि एक मूठ काढून डब्यात टाकली.

नाताळात तिचा फोन येतो. थंडी, तब्येत, मुलं. तांदळाचं ती काढत नाही, मीही काढत नाही. त्या डब्यात किती दिवसांच्या मुठी होत्या हेही मी कधी विचारलं नाही. सहा जणांना भात पुरला होता. थोडा उरलाही होता, तिच्या वाटणीचा.